उल्कावीराचं विसर्जन

“मग माझं ते रडणं खोटं होतं का, बुवा?”

रेवणगिरी बुवा घाटाच्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठलं रडणं?”

“अकराव्या वर्षीचं.”

“एवढं जुनं? आणि ते फडक्यात बांधून आणलंस?”

प्राध्यापक हेरंब कारखानीस याच्या काखेत खरंच लाल फडक्याचं गाठोडं होतं. माणूस मोठा. कॉलेजात मराठीचा मुख्य. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहून लिहून ह्याचीच चार पुस्तकं झालेली. बोलता बोलता चष्मा काढायची खोड होती. चष्मा निघाला, की ऐकणाऱ्यानं समजायचं, आता काहीतरी जड येणार.

त्यानं चष्मा काढला.

“विसर्जन करायचंय. पोथीच समजा.”

कृष्णेच्या त्या घाटावर हा रिवाज जुना. घरातली पोथी जीर्ण झाली, कसर लागली, तर ती कुणी रद्दीत घालत नाही. आणून नदीला देतात. आणि देण्याआधी बुवांना दाखवतात, कारण बुवांचा एक नेम होता. बुडवायची ती पोथी काठावर बसून, पहिल्या पानापासून, एकदा मोठ्यानं वाचायची. मग खुशाल सोडा. हा नेम कशासाठी, असं कुणी विचारलं की बुवा म्हणायचे, “घरातनं जाणाऱ्याला उपाशी धाडतोस का रं?”

बुवांनी गाठ सोडली.

आत चार पातळ पुस्तकं. सगळ्यात वरच्यावर एक गडी हवेत उडत होता. अंगाला चिकटलेले निळे कपडे, पाठीवर लाल उपरणं, आणि विजारीच्या वरून पिवळी चड्डी.

बुवा बराच वेळ बघत राहिले.

“हा कुठला देव?”

“देव नाही हो. उल्कावीर. पोरांची चित्रकथा आहे. ‘उल्कावीराचा अंत’, भाग एक ते चार.”

“लंगोट वरून घातलाय.”

“तेच म्हणतोय मी! पहिली चूक इथंच.”

“चूक कशी? आपला पैलवान नुसत्या लंगोटावर उभा ऱ्हातो. ह्याला थंडी वाजत असंल.”

खालच्या दगडावर हौसाक्का आणि तानूबाई धुणं धूत होत्या. दोघी फिस्सकन हसल्या. कारखानीसनं तिकडं पाठ केली.

मग त्यानं सगळं सांगितलं. अकरा वर्षांचा होता तेव्हा हा उल्कावीर तिसऱ्या भागात पडला, आणि पोरगं दोन दिवस जेवलं नाही. शेवटी आईनं ती पुस्तकं देवघरात पोथीखाली नेऊन ठेवली आणि हात जोडले, तेव्हा कुठं त्यानं भाकरीला हात लावला. पुढं बाप गेला, तेव्हाही हा एवढा रडला नाही. लोकांत तोंडानं सांगत फिरायचा, की माझं पहिलं महाकाव्य म्हणजे उल्कावीर.

आता कुणी प्रकाशक ती कथा नव्यानं छापणार होता, जाड कागदावर. प्रस्तावना कारखानीस सरांची. म्हणून सरांनी चाळीस वर्षांनी पुस्तकं बाहेर काढली आणि वाचली.

“आणि?”

“हसू आलं, बुवा. टाकाऊ आहे सगळं. चित्रातला रंग रेषेबाहेर सांडलेला. भाषा तर विचारू नका. ह्याच्यावर मी रडलो? जन्मात एकदाच पोटातून रडलो, ते ह्या कचऱ्यावर? म्हणजे एक तर मी मूर्ख होतो, नाही तर ते रडणं खोटं. प्रस्तावना लिहिणार नाही असं कळवून टाकलंय. आता हे घरात नको. रद्दीत घालवत नाही... एकदा नदीत गेलं की सुटलो.”

बुवांनी एक पान उघडलं. कडेला शिसपेन्सिलीनं बारीक बारीक आकडे घातले होते.

“हे काय?”

“चुका. एक्केचाळीस निघाल्या.”

हे सांगताना त्याचा चेहरा जरा खुलला. शिकलेल्या माणसाला चूक सापडली की जेवल्यासारखं वाटतं.

बुवांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं.

“वाच.”

“अहो, ही काय खरी पोथी आहे का?”

“देवघरात होती का न्हवती?”

“...होती.”

“मग वाच. मोठ्यानं.”

कारखानीसनं इकडंतिकडं बघितलं. उन्हं वर आली होती. दोन बायका, एक कुत्रं, पलीकडं कुणी म्हैस धूत होतं. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि पहिलं पान वाचलं. वर्गात हजेरी घ्यावी तसं.

“‘नगरावर पहाट झाली. उल्कावीर मनोऱ्यावर उभा होता. इतक्यात, धडाम.’”

“थांब.”

“काय झालं?”

“ते अक्षर केवढं काढलंय बघ. वीतभर हाय. वर लाल रंग दिलाय. आणि तू म्हणतोस, शिंक्यावरनं उंदीर पडल्यागत.”

“बुवा, मी प्राध्यापक आहे.”

“असशील. धडाम म्हण.”

“धडाम.”

“म्हशीपातुर जाऊ दे.”

“धडाम!”

कुत्रं उठून उभं राहिलं. पलीकडच्या म्हैसवाल्यानं हात थांबवून इकडं पाहिलं. हौसाक्कानं पिळायला घेतलेलं लुगडं तसंच धरलं.

“आत्ता पडलं,” बुवा म्हणाले. “चल पुढं.”

पुढं त्या कथेतला खलपुरुष आला, डॉक्टर गंधक. टक्कल, काळा झगा, एका डोळ्यावर काच. त्याचा बेत असा, की नगराचा सूर्यच पळवायचा. कारखानीसनं तेवढं वाचलं, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढला.

“आता ऐका हं गंमत. सूर्य चोरला. बरं. आणि ठेवला कुठं? गोदामात! आत सूर्य, बाहेर कुलूप! सांगा, ह्याच्यावर काय प्रस्तावना लिहू?”

तो हसला आणि दुसऱ्यांनी हसायची वाट बघत राहिला.

“अगं बया,” हौसाक्का म्हणाली. “मग धुणं वाळायचं कसं?”

“धुण्याचं घेऊन बसलीस!” तानूबाई म्हणाली. “माझं पापड पडल्यात कालपास्नं.”

“बाई, हे खरं नाही.”

“खरं नसंना का. वल्लंच ऱ्हानार न्हवं समदं?”

कारखानीसनं बुवांकडं पाहिलं. बुवा कपाळाला आठ्या घालून विचारात पडले होते.

“कुलूप कसलं होतं?”

“काय?”

“सूर्य आत हाय म्हणजे लोखंड तापणार. किल्ली लावायची कशी? हात भाजंल की त्या डाक्टरचा. लिहिलंय का काही?”

“नाही.”

“मग चूक हाय ही. तुझ्या एक्केचाळिसात आली का?”

“...नाही आली.”

“बेचाळीस कर.”

प्राध्यापकानं खिशातून पेन्सिल काढली, आणि मग बुवा आपली टर उडवताहेत की काय, अशा संशयानं ती पुन्हा आत घातली. पण बुवांच्या तोंडावर टर नव्हती. त्यांचा सगळा जीव त्या गोदामात अडकला होता.

पहिला भाग संपला. दुसरा लागला. आता बायका धुणं सोडून वरच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मध्येच तानूबाई म्हणाली, “मास्तर, तो डाक्टर आन तुमी येकाच आवाजात बोलताय. कोन काय म्हंतंय कळंना.” तेव्हा कारखानीस चिडून नाकातून बोलला, आणि डॉक्टर गंधकाला आवाज सापडला. इतका बेस सापडला, की हौसाक्कानं कडाकडा बोटं मोडली.

“मुडदा बशिवला त्याचा!”

कारखानीसच्या अंगावर काटा आला. चार पुस्तकं लिहिली, पण त्याच्या वाक्याला अशी दाद कुणी दिली नव्हती. ‘सप्प’, ‘खळ्ळ’, ‘भस्स’, एकेक आवाज तो आता हातवारे करून काढायला लागला. चष्मा पायरीवर पडला होता. जवळचं वाचायला तो लागतच नव्हता.

तिसरा भाग. नगरात सहा महिने रात्र. शेवटी उल्कावीर गोदामाच्या दारावर धावून गेला.

“बुवा, हे दार फुटतं, सूर्य सुटतो, आणि हा भाजून मरतो,” कारखानीस म्हणाला. जुनी खोड, अशी जाते होय? “आणि खरी फसवणूक तर चौथ्या भागात आहे. तिथं कळतं की मेला तो उल्कावीर नव्हताच, त्याचा...”

बुवांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. गुडघ्याच्या तेलाचा हात. पुरा वास नाकात गेला.

“पुढचं सांगितलंस तर पोथी ऱ्हाऊ दे, तुलाच सोडीन पाण्यात.”

“अहो, पण तुम्ही गोसावी!” तोंड पुसत कारखानीस म्हणाला. “घरदार सोडलंत, बायकापोरं सोडलीत. कागदावरचा एक माणूस जगला काय, मेला काय, तुम्हाला काय त्याचं?”

“संसार सोडला, मास्तर. गोष्ट कुठं सोडली?”

आणि त्यांनी मांडी बदलली. कारखानीसनं पान उलटलं.

दार फुटलं. ‘धडाम’ त्यानं असं काही म्हटलं, की पलीकडची म्हैस पाण्यातून बाहेर निघाली. सूर्य सुटला. लोक घराघरांतून पळत रस्त्यावर आले. ‘ऊन! ऊन!’ प्रत्येकाच्या तोंडी तेच. कारखानीसही ओरडला, “ऊन! ऊन!” आणि बायकांनी पदर सावरत खरंच वर बघितलं.

त्यानं पुढचं पान उलटलं.



“वाच की,” बुवा म्हणाले.

“इथं काही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे?”

“अक्षर नाही एकही. नुसतं चित्र आहे, पानभर.”

“मग तेवढं वाच.”

कारखानीसनं मान खाली घातली.

भरलेला रस्ता होता. हजार माणसं, आणि हजारांची तोंडं वर सूर्याकडं. मधल्या धुळीत उल्कावीर उताणा पडलेला. कुणाचं लक्ष नाही. फक्त एक भाजीवाली, डोक्यावर पाटी तशीच, सूर्याकडं पाठ करून उभी होती. उभी अशी, की तिची सावली नेमकी त्याच्या तोंडावर पडावी.

रंग इथंही रेषेबाहेर सांडला होता.

कडेला पेन्सिलीचा आकडा मात्र नव्हता. घरी हे पान आपण कधी उलटलं, हेच कारखानीसला आठवेना. वाचण्यासारखं काही नाही म्हणून बोट पुढं गेलं असणार.

अकरा वर्षांचा होता तेव्हा बोट पुढं गेलं नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. दोन्ही हातांनी पुस्तक धरून तो तसाच बसला. एक बोट त्या सावलीपाशी येऊन थांबलं होतं.



तानूबाईच्या बादलीतलं पाणी गरम झालं. कुत्रं पुन्हा आडवं झालं. हौसाक्कानं एकदा मास्तरकडं पाहिलं, एकदा बुवांकडं. तिला राहवेना.

“बुवा, मास्तरचा घसा बसला का काय? का थांबलं वाचायचं?”

बुवा मास्तरकडं बघत होते. त्यांनी तिच्याकडं नुसता हात केला.

“गप गं. आत्ता कुठं वाचाया लागलाय.”