आक्कासाहेबांचा काळा मासा

रायवडी संस्थानच्या राजकन्या आक्कासाहेब नवव्या वर्षी तापाने गेल्या. त्यांचे सोनमासे पुढेही सगुणा भोईणच सांभाळत राहिली. डोक्यावर गोंडा तो ओरांडा, पाठीवर पर नाही तो रांचू, बटबटीत डोळ्यांचा काळा तो मूर. ही ओळख आक्कासाहेबांना तिनेच शिकवली होती.

लेक गेल्यावर वर्षभराने सरकार पहिल्यांदाच माशांच्या हौदापाशी आले आणि भडकले.

"माझ्या लेकीचा काळा मासा कुठाय? हा तर केशरी! तो विकून दुसरा आणून टाकलास?"

"तोच आहे, सरकार. डोळे बघा, शेपटी बघा. मुराचा काळा रंग कधीकधी उतरतो, ठेवण बदलत नाही."

"रंग असा उतरतो होय? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

सगुणाचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, "आक्कासाहेब होत्या तेव्हा आपले केस काळेभोर होते, सरकार. वर्षात सगळे पांढरे झाले. म्हणून आम्ही कधी विचारलं का, आमचे सरकार कुठे गेले?"

सरकार हौदाच्या काठावर मटकन बसले. त्यांनी विचारलं, "ती याला काय खायला घालायची?"

सगुणाने उकडलेले वाटाणे आणून दिले. सरकारांनी ते एकेक सोलून त्या केशरी माशाला घातले.