पळणारी उंबरं

एका टेकडीच्या उतारावर, उंबराच्या झाडाखाली एक कोल्हा आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. घराण्याचा त्याला भारी अभिमान. आणि त्या घराण्याचा नियम असा, की जे आपल्याला पाहून पळतं तेच खायचं. जे गुमान पडून राहतं त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. त्यामुळे दाराशी पिकल्या उंबरांचा सडा पडलेला असायचा आणि हे महाशय दिवसभर सशांच्या मागे धावून जीव दमवत असायचे. पुष्कळदा ससा निसटायचा आणि घरी सगळे उपाशीच झोपायचे.

एकदा असंच धावताना कोल्ह्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, शिकार बंद झाली, पिल्लांच्या बरगड्या दिसू लागल्या. उंबरं चाखून बघू का, असं त्यांनी भीत भीत विचारलं, तर कोल्हा त्यांच्यावर गुरगुरला. मग त्यांची सुकलेली तोंडं बघून त्यालाच रडू आलं.

तेवढ्यात जोराचा वारा सुटला. उंबरं टपाटप पडली आणि उतारावरून गडगडत निघाली. धाकटं पिल्लू म्हणालं, "बाबा, ही तर पळतायत!" कोल्हा काही बोलायच्या आत दोघं त्यांच्यामागे सुटली. वाटेत एक ससा गवत खात होता. आपली वेळ भरली असं समजून त्या बिचाऱ्याने डोळे गच्च मिटले. पिल्लं त्याच्या डोक्यावरून उडी मारून पुढे गेली आणि उंबरांवर तुटून पडली. सशाने हळूच एक डोळा उघडून ते पाहिलं आणि तो पोट धरून हसत सुटला.

पिल्लांनी बाबांसाठीही उंबरं आणली. नियम मोडलेला नव्हता, म्हणून कोल्ह्याने एक खाल्लं. पुढची खाताना नियम आठवलाच नाही. काय ती गोडी, मुलांनो!

पाय बरा झाल्यावर शेजारचा कोल्हा शिकारीला बोलवायला आला. आपला कोल्हा झाडाखाली मजेत लोळत होता आणि गुबगुबीत पिल्लं त्याच्या अंगावर उड्या मारत होती.

"येईन कधीतरी," तो म्हणाला. "इतके दिवस ह्यांच्या पोटासाठी धावलो खरा, पण ह्यांच्याशी खेळायला आज सवड झाली."

तात्पर्य : जेवणात फळं आणि भाजीपाला वाढवला, की आपलं पोट आनंदाने भरतं आणि दुसऱ्याचा जीवही वाचतो.