शेगडीजवळची लिली

पूर्वी एक वृद्ध आचार्य थंड डोंगरगावात राहत असत. गावातली एक विधवा त्यांच्याकडे बागकाम शिकायला येई. तिच्या आईने जग सोडून जाताना तिला एका लिलीचा गड्डा दिला होता. या लिलीला कोल्ह्याच्या शेपटीसारखा उंच, झुपकेदार तुरा येतो म्हणतात. पण दोन वर्षे झाली, नुसती पानेच! आईची ती शेवटची ठेव फुलत नाही म्हणून बाईचा जीव तुटे.

घरात दुसरी चिंता होती. बाईची एकुलती मुलगी खाली मैदानातल्या वैद्यांकडे शिकायला जायचे म्हणत होती आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून बाई ते पुढे ढकलत होती.

त्या हिवाळ्यात आचार्यांनी गड्डा पसरट कुंडीत, वाळूच्या उंचवट्यावर लावून दिला आणि कुंडी अंगणातच ठेवायला सांगितली. पण दव गोठू लागले तशी बाईने ती गुपचूप शेगडीजवळ आणली आणि वर स्वतःची गोधडी पांघरली. मायाच ती, तिला कोण अडवणार?

एका सकाळी आचार्य आले. त्यांनी गोधडी दूर केली, कुंडी उचलली आणि सरळ बाहेर हिमात नेऊन ठेवली.

"आचार्य, मरेल हो ती!" शिष्या कळवळली.

"गेल्या हिवाळ्यात कुठे होती?"

"इथेच, शेगडीपाशी."

"आणि त्याआधीच्या?"

"तेव्हाही इथेच."

"मुली, कडक थंडी लाभल्याशिवाय हिला तुरा येत नाही. हिला मारते ती ओल, म्हणून खाली वाळू घातली. काल रात्री थंडी कोणाला वाजत होती?"

"मला."

"आणि गोधडी कोणाच्या अंगावर होती? माया जरूर करावी. पण पांघरूण घालण्यापूर्वी पाहावे, थंडी नक्की कोणाला वाजते आहे."

शिष्येने दाराकडे पाहिले. तिथे मुलगी उभी होती. त्या दिवसापासून त्या घरात "पुढच्या वर्षी" हे शब्द कोणी ऐकले नाहीत.

घाट मोकळा झाला आणि मुलगी निघाली. आई तिच्या बोचक्यात गोधडी कोंबू लागली.

"अगं आई, खाली मैदानात कसली थंडी?"

आई हसली, तिने डोळे पुसले आणि गोधडी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

वसंत सरता सरता तुरा आला. खाली जाणाऱ्या वाटसरूजवळ तिने मुलीला निरोप धाडला, "लिली फुलली. अगदी तुझ्याएवढी उंच आहे."

'परत ये' असे मात्र तिने सांगितले नाही.