शेजारची खुर्ची

बाजार समितीचे सभापती भाऊसाहेब रणवरे यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नात्यातलं कुणी किडनी द्यायला पुढे येईना, म्हणून त्यांनी आपला ड्रायव्हर बळीराम याला उभं केलं. नात्याबाहेरच्या माणसाने किडनी द्यायची तर ती मायेपोटी, कुणाच्या दबावाशिवाय दिली पाहिजे, असा कायदा आहे. त्याची खात्री सरकारी समिती करते.

समितीच्या प्रमुख डॉ. हेमलता पांगारकर यांनी समोर दोन खुर्च्या मांडून घेतल्या. भाऊसाहेब ऐसपैस बसले. बळीराम हात बांधून मागे उभा राहिला.

"नोकर नाही हा, बाई. सख्ख्या भावासारखा आहे मला," भाऊसाहेब म्हणाले. "सही करा, उगाच लांबवू नका. वरपर्यंत ओळख आहे माझी."

"बसा ना, बळीरामभाऊ," डॉक्टर म्हणाल्या.

बळीरामने मालकाकडे पाहिलं.

"राहू दे त्याला उभा. माझ्या बरोबरीने बसायची सवय नाही त्याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भाऊसाहेब, जो माणूस तुम्हाला शेजारच्या खुर्चीत नको, त्याची किडनी मात्र पोटात हवी?"

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. मागे न बघताच त्यांनी विचारलं, "बळ्या, तुला द्यायची आहे का रे?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही, मालक," बळीराम जमिनीकडे बघत म्हणाला. "लेकरं लहान आहेत."

अर्ज नामंजूर झाला. परतीच्या वाटेवर गाडीच्या आरशात बळीरामचे डोळे दिसले की भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत.