वल्हेकऱ्याची पाठ

"आणि माणूस बुडत असताना वल्हेकऱ्याने त्याच्याकडे पाठ करून बसायचं? हे कुठलं शहाणपण, बुवा?"

येसबा बुवा ओट्यावर जाळं विणत होते. सुई थांबली नाही.

"वल्हं पाठमोरं बसूनच ओढतात, धाकू. तुला मीच शिकवलं."

"चुकीचं शिकवलंत."

सुई थांबली.

वर्षभर धाकू या ओट्याकडे फिरकला नव्हता. गेल्या वैशाखात खाडीच्या तोंडाशी, काळखडप नावाच्या खडकावर एक गलबत फुटलं. त्यावर धाकूचा थोरला भाऊ होता, जानू. गावची होडी धावली. तिने पाच खलाशी काढले आणि काठोकाठ भरून ती मागे फिरली. जानू डोलकाठीला धरून होता. होडी दुसऱ्यांदा निघाली तेव्हा तिकडे डोलकाठीच उरली नव्हती.

त्या होडीत एका वल्ह्यावर येसबा बुवा होते. धाकू किनाऱ्यावर होता. आईने त्याच्या कमरेला मिठी घातली होती, ती तिने दिवे लागेपर्यंत सोडली नाही.

त्यानंतर पोराच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. बंदरावरच्या साहेबाकडे विलायतेतल्या जीव वाचवणाऱ्या होडीचं छापील चित्र होतं. धाकूला अक्षर लागत नव्हतं. पण चित्र त्याने असं डोळ्यांत भरून घेतलं, की घरी येऊन कोळशाने भिंतीवर उतरवलं. होडीची दोन्ही टोकं सारखी, निमुळती, वर उचललेली. सुकाणू नाही, हव्या त्या टोकाला लांब वल्हं धरून दिशा द्यायची. कडेला बुचाचा जाड पट्टा. टोकांना हवेच्या बंद पेट्या. आत शिरलेलं पाणी आपोआप निघून जावं म्हणून तळाला नळ्या.

बूच इथे कुठलं मिळायला? धाकूने पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधलं. पेट्यांत सुके भोपळे कोंबले. गाव हसलं. गावाने हसावं अशीच ती दिसत होती.

पण होडी उभी राहिली. पावसाआधीची गलबतं रोज खाडीत शिरत होती, आणि होडीत बसायला एकही माणूस तयार नव्हता. जो तो म्हणे, "बुवा बसले तर बसू."

म्हणून धाकू आला होता. मागायला आला, आणि भांडू लागला.

"माझ्या होडीत सगळे पुढे तोंड करून बसतील," तो म्हणाला. "घराकडे बघत गेलं की जीव घरातच अडकतो. तुमचा अडकला. माझ्या दादाकडे पाठ फिरवलीत तुम्ही!"

बुवांनी जाळं बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"होडी लोट."

बुवा वाळू तुडवत निघालेले दिसले, तशी माणसं आपापल्या दारांतून बाहेर आली. बुवा आणि धाकू धरून सहाजण वल्ह्यांवर बसले. भागोजीने दिशा द्यायचं लांब वल्हं घेतलं.

"भोपळे तरंगतील रे," भागोजी म्हणाला. "आमचं काय?"

बुवा दुसऱ्या फळीवर बसले, धाकूच्या शेजारी.

"तुझ्या रीतीने," ते म्हणाले.

सगळे समुद्राकडे तोंड करून बसले आणि छातीने वल्ही रेटू लागले. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट आली आणि होडीला उचलून मागे टाकून गेली. पुन्हा रेटलं. पुन्हा मागे. धाकूच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"पाळणा ढकलतोयस काय रे?" भागोजी ओरडला. "आणि ताल कोण देणार?"

गावच्या होडीत ताल जानू द्यायचा. एक हात वर, तोच हात खाली. दुसऱ्या कुणी अजून तो हात उचलला नव्हता.

बुवा फळीवरच वळून बसले. पाठ समुद्राकडे. मग एकेक जण वळला. शेवटी धाकूही वळला, ओठ चावत.

पाय रोवले. पाठी ताणल्या. होडी लाट फोडून पार झाली.

आता सगळ्यांच्या समोर गाव होतं. माडांत धाकूचं घर होतं. त्याची आई दारातून धावत किनाऱ्यापर्यंत आली होती आणि पाण्यात पाऊल न घालता उभी होती.

"बघा!" धाकूचा आवाज फुटला. "मी म्हणत नव्हतो? ओढतंच हे घर..."

"ओढतं."

"त्या दिवशीही ओढत होतं?"

"होय."

"आणि मग?"

"मग वल्हं मारलं."

काळखडप जवळ आला. पाणी खडकावर चढत होतं आणि फेस होऊन उतरत होतं. पाठ तिकडे असल्यामुळे धाकूला नुसता आवाज ऐकू येत होता. वर्षभर त्याने त्या खडकाकडे नजर टाकली नव्हती.

"मागे," बुवा म्हणाले. "होडी फिरवू नका. लाट आडवी घेईल. होडीला दोन्हीकडे नाळच आहे, दोन्हीकडे पुढचंच टोक. तुम्ही फिरा."

भागोजी लांब वल्हं घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. सगळे पुन्हा आपापल्या फळीवर वळले. वल्ही पाण्यात पडली आणि होडी घराकडे निघाली.

आणि धाकूच्या समोर काळखडप आला.

त्याने डोळे मिटले. वल्हं हवेत फिरलं, शेजारच्या वल्ह्यावर आपटलं.

"डोळे उघड."

"नाही..."

"वल्हं चुकतंय, धाकू."

त्याने डोळे उघडले. ओढलं. खडक तिथेच होता. पुन्हा ओढलं. खडक थोडा लांब गेला. नजर वळवायला जागा नव्हती. मान वळवली की वल्हं सुटत होतं.

ओढता ओढता तो बोलला.

"तुम्ही... त्या दिवशी येताना असेच बसला होतात?"

"दुसऱ्या फळीवरच."

"डोळे?"

"उघडे. पाच माणसं होती होडीत."

धाकूने इतरांकडे पाहिलं. यांतले तिघे त्या दिवशीही होडीत होते. एकानेही मान वर केली नाही.

"मला कुणी सांगितलं नाही!"

"काय सांगायचं होतं, पोरा? तुझा भाऊ लहान लहान होत गेला, हे?"

वल्ही करकरत राहिली.

"हाका मारत होता?" धाकूने विचारलं. आवाज त्यालाच जेमतेम ऐकू गेला.

"आवाज पोचत नव्हता."

"मग काय करत होता दादा?"

समोरच्या टोकाला भागोजीने नाक ओढलं.

"होडी भरलेली होती," बुवा म्हणाले. "आमचे हात गळाले होते. एकाचं वल्हं वर तर दुसऱ्याचं खाली. होडी जागच्या जागी डुलत होती. त्याला ते वरून दिसलं..."

आणि बुवांनी वल्ह्यावरचा एक हात उचलला.

वर नेला. खाली आणला.

पुन्हा वर. पुन्हा खाली.

धाकूचं वल्हं थांबलं. कुणाचंच चालत नव्हतं. होडी पाण्यावर नुसती तरंगत होती. तळाच्या नळ्यांतून आत आलेलं पाणी गुळगुळ करत बाहेर जात होतं. धाकूचा चेहरा ओला झाला होता, तो त्याने पुसला नाही.

खडकाच्या बाजूने एक मोठी लाट उठली. ती सगळ्यांना समोर दिसत होती.

बुवांनी हात पुन्हा वल्ह्यावर ठेवला.

"आता ताल तू दे."