निळ्या काटेचेंडूचा रिकामा वाफा

फार पूर्वी, जिथे पोहोचेपर्यंत ढग रिते होऊन जात, अशा एका कोरड्या मुलखात एक राणी राहत होती. तिला बागेचा फार नाद. पण दर उन्हाळ्यात तिची बाग विहिरीचे सगळे पाणी पिऊन टाकी, आणि गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर बसून राहत. राणीला ते पाहवत नसे आणि बाग वाळलेलीही बघवत नसे.

एकदा एका गलबतवाल्या व्यापाऱ्याने तिला मूठभर बी आणून दिले. तो म्हणाला, "राणीसाहेब, दूरच्या एका समुद्राकाठी उन्हाळाभर थेंब पडत नाही. तिथल्या डोंगरउतारावर, दगडगोट्यांत हे फुलतं. काटेरी आहे, पण फूल बघाल तर निळा चेंडूच. पाणी मागत नाही."

राणीने ते बी आपल्या माळिणीला दिले. माळीण वयाने मोठी, हाताची गुणी, तोंडाची फटकळ. बागेच्या कोपऱ्यातल्या घरात ती आणि तिचा मुलगा राहत. तिने भिंतीकडेचा वाफा निवडला, त्यात खडी मिसळली आणि बी पेरले. पहिले वर्षभर नुसती पानेच आली. जमिनीलगत पसरलेली, काटेरी, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी. माळीण धीराने थांबली. राणी म्हणाली, "यंदाच्या उन्हाळ्यात हे फुललं, तर सगळी बाग अशाच झाडांची करू आणि विहिरीचं पाणी गावाला देऊ."

त्या वर्षीच्या माघात माळिणीच्या मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली. सून जिरायती शेतकऱ्याची लेक. खुरपणीत तिचा हात कुणी धरू शकत नसे.

एके दिवशी माळीण बाजाराला गेली. सुनेने ठरवले, सासूबाई परत येईपर्यंत असे काही काम करून ठेवायचे की त्यांच्या तोंडून शाबासकी आलीच पाहिजे. ती बागेत हिंडली आणि भिंतीकडेच्या वाफ्यापाशी येऊन थबकली. तिच्या माहेरच्या रानात उटकटारी नावाचे काटेरी तण माजते. अगदी तेच! "अगं बाई, राणीच्या बागेत उटकटारी?" असे म्हणत तिने पदर खोचला, खुरपे घातले आणि सगळा वाफा साफ केला.

माळीण परतली तेव्हा सून दारातच उभी होती. "आत्याबाई, आधी वाफा बघायला चला. किती माजली होती उटकटारी! एक काडी ठेवली नाही."

माळिणीने पाटी खाली ठेवली. वाफ्याकडे पाहिले, बाजूला वाळत पडलेल्या ढिगाकडे पाहिले आणि खाली बसून त्यातले एक रोप उचलले.

"सूनबाई," ती म्हणाली, "राणीने जिवापाड जपलेलं झाड उपटलंस गं तू."

सुनेच्या हातातले खुरपे गळून पडले.

"आता ऐक," माळीण उठून म्हणाली. "उद्या सकाळी राणीसाहेब वाफा बघायला यायच्या आहेत. हे त्यांना कळलं तर आपलं घर गेलं, चाकरी गेली. माळावर उटकटारी हवी तेवढी आहे. वाफ्यात खोल खड्डे घेऊ, ती मुळासकट आणून लावू. पानं सारखीच दिसतात, तूच तर फसलीस! फुलेपर्यंत कुणाला कळायचं नाही."

"आणि फुलल्यावर? उटकटारीचं फूल तर पांढुरकं."

"फुलल्यावर म्हणू, परदेशी बी, इथल्या उन्हाने फिकट झालं. ही कुदळ धर आणि लाग खणायला."

सुनेने कुदळ हातात घेतली. वाफ्यात पाय रोवून ती उगारलीसुद्धा. पण ती तशीच खाली आणून तिने भिंतीला टेकवली.

"आत्याबाई, उपटलं ते चुकून. हे लावलं तर जाणूनबुजून होईल. मला नाही जमायचं."

"माहेरी खरं बोलायला शिकवलं, तण ओळखायला नाही शिकवलं!" माळीण कडाडली. पण कुदळीला मग तिनेही हात लावला नाही.

सकाळी राणी आली. सून पुढे झाली, मान खाली घालून पण स्पष्ट शब्दांत तिने सगळे सांगितले. "चूक माझी आहे, राणीसाहेब. आत्याबाई घरी नव्हत्या."

राणीचा चेहरा लाल झाला. ती वाफ्याच्या कडेपर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "तुम्हाला इथे ठेवायचं की नाही, हे आज रागाच्या भरात ठरवत नाही. अक्षय्यतृतीयेला सांगेन. तोवर या वाफ्याला कुणी हात लावायचा नाही. रिकामाच राहू दे. काय गेलं ते सगळ्यांना दिसू दे."

त्या दिवसापासून घरात शब्द कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त झाला. घर सोडावे लागले तर, म्हणून माळिणीने जास्तीची मडकी पोत्यात भरून ठेवली. सून समोर आली की ती म्हणे, "जा, रिकामा वाफा राखायला जा. तेवढं एक तुला चांगलं जमतं." सून गुपचूप ऐकून घेई. चैत्राचे ऊन तापू लागले, गुलाब माना टाकू लागले.

एका सकाळी सून धावत आली. "आत्याबाई, चला. हात लावू नका, नुसतं बघा."

तडकलेल्या मातीतून पांढुरकी टोके वर आली होती. जिथे एक रोप छाटले होते, तिथे कुठे दोन, कुठे तीन.

माळिणीने वाकून मातीवर तळहात ठेवला. दूरदेशाहून आलेले म्हणजे नाजूक, असेच सगळे धरून चालले होते. पण वर्षभर नुसती पाने दाखवत त्या झाडाने आपले मूळ खोल, थेट ओलीपर्यंत नेले होते. खुरपे तिथवर पोहोचलेच नव्हते.

"अगं," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी आपण खड्डे घेतले असते, तर एकही मूळ राहिलं नसतं."

अक्षय्यतृतीयेला राणी आली तेव्हा वाफाभर देठ उभे होते आणि टोकाटोकांवर कळ्यांचे चेंडू निळे होऊ लागले होते. राणी वाफ्याभोवती फिरली, हसली आणि एवढेच म्हणाली, "सामान सोडा, माळीणबाई. विहिरीचं पाणी गावाला द्यायचं, तर पुढचे वाफे कुणी करायचे?"

घरी येऊन दोघींनी पोते उपसले. मडकी मांडता मांडता माळीण म्हणाली, "सूनबाई, यापुढे मला विचारल्याशिवाय खुरप्याला हात लावायचा नाही."

"बरं, आत्याबाई. आणि तुम्ही मला विचारल्याशिवाय कुदळीला."

माळीण डोळे वटारून तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिला इतके हसू आले की हातातले मडके खाली ठेवावे लागले.

तात्पर्य: चुकीने वरवरचेच जाते, पण ती झाकायला खणू लागलो, तर मूळही जाते. चूक कबूल करून जमीन तशीच राहू दिली, तर तिथून पुन्हा फुटवा येऊ शकतो.