कार्डामागची सही

सांगलीच्या दिगंबर सप्र्यांना अर्धांगवायूतून सावरायला वर्ष लागलं. त्या वर्षात त्यांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी, त्यांचं सगळं केलं होतं. म्हणून बरं वाटताच सप्रे तिच्यासाठी कानाचं यंत्र घ्यायला तिला घेऊन दुकानात आले आणि त्यांनी क्रेडिट कार्ड पुढे केलं.

मॅनेजरनं आधी त्यांना कागदावर सही करायला लावली. मग कार्ड उलटं करून तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मागची सही जुळत नाही. कार्ड तुमचंच कशावरून?"

सप्र्यांनी थरथरता हात खिशात लपवला. पण एवढ्या मोठ्यानं बोललेलं प्रमिलाबाईंनाही ऐकू आलं होतं. त्यांनी मॅनेजरच्या गळ्यातलं ओळखपत्र निरखून पाहिलं.

"साहेब, या फोटोत डोकंभर केस आहेत. मग मॅनेजर तुम्हीच कशावरून?"

मॅनेजरचा हात टकलावर गेला. तो तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "बाई, फोटो जुना आहे. केस गेले म्हणून माणूस बदलतो का?"

"मीही तेच म्हणते. यांचा हात थरथरतो, माणूस तोच आहे. बँक आता पिन विचारते. तो यांना पाठ आहे, तुम्हीही तोच विचारा."

मॅनेजरनं खजील होऊन कार्डाचं मशीन पुढे केलं. पिन बरोबर निघाला.

यंत्र कानात बसल्यावर सप्रे अगदी हळू म्हणाले, "माझं फार केलंस गं. कधीचं सांगायचं होतं, पण ओरडून सांगवत नव्हतं."

"ऐकू आलं," प्रमिलाबाई म्हणाल्या, "तरी पुन्हा एकदा म्हणा."